शोलाच्या जंगलात ‘मानवी अडथळा’ कोण?

आपल्या वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलामुलींना विचारा, पुढे काय करणार? उत्तरे ठरलेली आहेत. एमपीएससी, पोलीस भरती, नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार तर वकिली. ‘मला पक्ष्यांचा अभ्यास करायचा आहे’ हे उत्तर दहा वर्षांच्या कामात आम्ही एकदाच ऐकले. ऐकणाऱ्या बाकीच्या पोरांना हसू फुटले. त्यांचा दोष नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला गॅस संपतो, त्या घरातल्या मुलीने पगाराशिवाय जंगलात जाऊन पाखरे मोजायची, हा विचारच त्यांना श्रीमंतांचा चोचला वाटतो.

पण मित्रांनो, हा चोचला श्रीमंतांचाच का राहिला, हे कधी तपासले आहे का?

जनावरांशी, रानाशी, पाण्याशी आपल्या आज्या-आज्यांचा संबंध इतरांपेक्षा जवळचा होता. मेलेले ढोर ओढणे, कातडे सोलणे, कुठल्या ओढ्याला कधी पाणी असते ते ओळखणे, कुठला पाला कुठल्या दुखण्यावर चालतो ते सांगणे, हे सगळे ज्ञानच होते. पण जातिव्यवस्थेने त्याला ज्ञान म्हटले नाही, विटाळ म्हटले. दुसरीकडे मचाणावर बसून वाघ मारणारे संस्थानिक आणि गोरे अधिकारी यांच्या नोंदवह्यांतून या देशातल्या निसर्ग-अभ्यासाचा मोठा भाग उभा राहिला. मेलेले जनावर ओढणारा अस्पृश्य ठरला आणि जनावर मारून त्याचे मुंडके दिवाणखान्यात टांगणारा निसर्गप्रेमी ठरला. आज या क्षेत्रात आपली माणसे का दिसत नाहीत, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर आम्हाला या जानेवारीत मिळाले.

निवड झाली, पण पुढे काय?

तमिळनाडूतल्या नीलगिरी पर्वतात एका वन्यजीव संशोधन प्रकल्पासाठी इंटर्न घेणार होते. एक जागा पक्षी-गणनेची, दुसरी आसपासच्या वस्त्यांत मुलाखती घेण्याची. आम्ही दोघींनी अर्ज केला आणि दोघींची निवड झाली. आमच्यातली थोरली पस्तिशीला टेकलेली, समाजशास्त्रात एम.ए., वस्तीत काम करणारी. धाकटी तेवीस वर्षांची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., आमच्याच अभ्यासिकेत वाढलेली. पाखरांचे स्वप्न तिचे. तिच्या आईची अट एकच होती, ‘ताई सोबत जाणार असतील तरच’. म्हणून आम्ही जोडीने निघालो.

मानधन महिना पाच हजार. त्यातून मेसचे साडेतीन हजार कापले जाणार. दुर्बीण स्वतःची हवी, लॅपटॉप स्वतःचा हवा, पावसाळी जॅकेट आणि चांगले बूट हवेत. जाण्यायेण्याचे भाडे आपले आपण. सरकारी शिष्यवृत्ती कॉलेजच्या प्रवेशाला जोडलेली असते. इंटर्नशिप हा प्रवेश नसतो, म्हणून तिला शिष्यवृत्ती नाही. ती नोकरीही नसते, म्हणून तिला पगार नाही. पण पुढे पीएच.डी.ला किंवा नोकरीला अर्ज करताना पहिला प्रश्न येतो तो ‘फील्डचा अनुभव किती?’ हाच.

म्हणजे दारावर पाटी लावलेली नाही की ‘या जातीच्यांनी आत येऊ नये’. फक्त दारातून आत जायला तीन महिने बिनपगारी राहता यायला हवे. ज्याच्या बापाची शेती, दुकान किंवा पेन्शन आहे, तो राहू शकतो. जिची आई चार घरची धुणीभांडी करते, ती राहू शकत नाही. गुणवत्तेच्या नावाने चालणारे आरक्षण असते ते हे. याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही.

धाकटीची दुर्बीण वस्तीने घेऊन दिली. जुनी, आठ हजारांची. महिला मंडळाने तीन हजार दिले, अभ्यासिकेच्या माजी विद्यार्थ्यांनी बाकीचे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन आम्ही परत आलो आणि त्याच आठवड्यात नांदेडहून निघालो. गाड्या बदलत कोइम्बतूर, तिथून मेट्टुपालयम, मग घाटातून बसने उटी आणि तिथून जीपने पुढे.

ढग पिणारे जंगल

आमचे केंद्र दोन हजार मीटरहून उंचावर आहे. कळसूबाई १,६४६ मीटरचे, हे लक्षात घेतले तर अंदाज येईल. पहाटे गवतावर दव गोठून पांढरे होते आणि दुपारनंतर ढग खाली उतरून अंगाला चिकटतात. इथल्या जंगलाला शोला म्हणतात. सह्याद्रीतल्या रानासारखे ते सलग पसरलेले नाही. डोंगराच्या माथ्यावर आणि उतारावर गवत, आणि घळीत, जिथे ओढा वाहतो तिथे, दाटीवाटीने वाढलेली बुटकी, वाकडी झाडे. प्रत्येक फांदीवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड.

धाकटीने पहिल्याच आठवड्यात आम्हाला या जंगलाचे काम समजावले. इथे पाणी पावसातून येते तसे ढगांतूनही येते. ढग झाडांमधून जातो तेव्हा त्यातले बारीक थेंब पानांवर आणि शेवाळावर अडकतात, मोठे होतात आणि ठिबकत खाली येतात. खालची काळी भुसभुशीत माती ते धरून ठेवते आणि हळूहळू ओढ्याला सोडते. माथ्यावरचे गवतही पाणी मुरवते. म्हणून पाऊस संपल्यावरही इथले ओढे वाहत राहतात. भवानी नदी याच डोंगरांतून निघते आणि पुढे कावेरीला मिळते. खालच्या मैदानातल्या शेतकऱ्याच्या पाटात आणि शहरातल्या नळात जे पाणी येते, त्यात या शेवाळाचा वाटा आहे.

महाडचा वारसा सांगणाऱ्यांनी हे नीट समजून घेतले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तो पाण्यावरच्या हक्काचा लढा होता. पाणी कुठून येते, कोण अडवते, कोण आटवते, हा त्याच लढ्याचा पुढचा प्रश्न आहे. पाणी आटते तेव्हा सर्वांत आधी दलित वस्तीचा नळ कोरडा पडतो. त्यामुळे ‘पर्यावरण हा आपला विषय नाही’ असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही.

‘निलगिरी’ नावाची गंमत

आपण मराठीत ज्या झाडाला ‘निलगिरी’ म्हणतो, ज्याचे तेल सर्दीला हुंगतो, ते झाड या नीलगिरीचे नाही. ते ऑस्ट्रेलियातून आणलेले युकॅलिप्टस आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते इथे लावले. सरपण हवे होते, लाकूड हवे होते. पाठोपाठ कातडी कमावायला साल देणारे वॉटल आले. कुठे लावले? माथ्यावरच्या गवताळ रानात. तोडा लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारत होते. पण कागदावर ते गवत ‘पडीक’ ठरले. चहाच्या मळ्यांसाठी शोला तोडला गेला तो वेगळाच. स्वातंत्र्यानंतरही लागवडी बराच काळ चालू राहिल्या. आता वॉटल स्वतःहून पसरतो आणि गवताळ रान गिळतो.

बाहेरून आणलेल्या झाडाला आपण या डोंगराचे नाव देऊन टाकले. आणि तोडा, कोटा, कुरुंबा, इरुला, पणिया हे जे लोक इथे आधीपासून आहेत, त्यांना कागदोपत्री काय म्हटले जाते? अतिक्रमणदार. नाव कोण ठेवतो यावर सगळे ठरते, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

डेटा शीटचा रकाना

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पक्षी-गणनेची पद्धत अशी. पहाटे ठरलेल्या ठिकाणी दहा मिनिटे उभे राहायचे, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी अंतरासह लिहायचा, मग पुढच्या ठिकाणी जायचे. त्याच कागदावर शेवटी एक रकाना असतो, ‘मानवी अडथळा’. त्यात गुरांचे शेण, तोडलेले बुंधे, सरपण नेणारी माणसे यांच्या नोंदी करायच्या.

चौथ्या दिवशी डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका समोरून आल्या. वाळक्या काटक्या, त्याही वॉटलच्या. धाकटीने पेन्सिल उचलली आणि थांबली. तिने विचारले, ‘ताई, यांना अडथळा लिहू?’ तिची आजी असेच सरपण आणायची. आमच्या सगळ्यांच्याच आज्या आणायच्या.

त्याच ठिकाणाहून खाली पर्यटकांच्या गाड्यांची रांग दिसत होती. समोरच्या उतारावर वॉटलची अख्खी लागवड होती. त्यांच्यासाठी रकान्यात जागा नव्हती. मोळीवाली बाई मोजली जाते, रिसॉर्ट मोजले जात नाही. गुराचे शेण मोजले जाते, शंभर-दीडशे वर्षांची लागवड म्हणजे ‘पार्श्वभूमी’ असते. अशा शेकडो कागदांची बेरीज होऊन अहवाल तयार होतो, आणि अहवालात निष्कर्ष येतो की स्थानिक लोकांमुळे जंगलावर ताण आहे. कुणी खोटे बोललेले नसते. प्रश्न विचारतानाच उत्तर ठरलेले असते.

हे कागदापुरते राहत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्या कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला होता. देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. याचिका करणाऱ्यांत वन्यजीव-रक्षणाचे काम करणाऱ्या संस्था होत्या. आणि ज्यांना हा फक्त आदिवासींचा प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी सांगतो: २००६ च्या वनहक्क कायद्यात जे आदिवासी नाहीत, अशा वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. जंगलाच्या कडेला राहणारे भूमिहीन दलित याच गटात येतात. ज्यांना शाळेत, चावडीत, सातबाऱ्यावर कुठेच जागा दिली नव्हती, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागितला जातो!

आम्ही हा मुद्दा प्रकल्पाच्या प्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी ऐकून घेतले. ते म्हणाले, ‘रकाने सगळ्या ठिकाणी सारखे आहेत. मध्येच बदलले तर आधीच्या वर्षांशी तुलना होणार नाही.’ शास्त्र म्हणून हे बरोबर आहे आणि आम्ही ते मान्य केले. पण आम्ही म्हणालो, जुना रकाना राहू द्या, त्याच्या शेजारी आणखी तीन जोडा. पक्क्या रस्त्यापासून अंतर, पर्यटन-बांधकामापासून अंतर, परदेशी झाडांच्या लागवडीपासून अंतर. मग पक्षी नेमके कशामुळे कमी होतात ते आकडेच सांगतील. कदाचित सरपणामुळेही होत असतील. तसे निघाले तर आम्ही तेही लिहू. मोळीवाल्या बाईला आधीच निर्दोष ठरवा, असे आमचे म्हणणे नव्हते. आरोपी ठरवायचेच असेल तर सगळ्यांना एका रांगेत उभे करा, एवढेच होते.

दोन दिवसांनी वेगळा पुरवणी कागद करायला परवानगी मिळाली. मूळ अहवालात तो घेतील की नाही, हे अजून सांगितलेले नाही. धाकटी रोज दोन्ही कागद भरते.

अण्णांचे ज्ञान कुणाच्या नावावर?

आमच्यासोबत वाट दाखवायला एक कुरुंबा गृहस्थ असतात. पन्नाशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आम्हीही म्हणतो. झुडपातून शिट्टीसारखा आवाज आला की ते हाताने थांबवतात आणि हळूच सांगतात, शोलाकिळी. किळी म्हणजे पाखरू. निळ्या पाठीचा हा छोटा पक्षी शोला सोडून कुठे राहत नाही. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती-गट केला आणि नाव दिले शोलिकोला. नीलगिरीतला शोलाकिळी वेगळा आणि पालघाटच्या खिंडीच्या दक्षिणेकडचा वेगळा. खिंड सखल आणि उष्ण, हे थंडीतले पक्षी ती ओलांडत नाहीत. लाखो वर्षे भेट नाही म्हणून जाती वेगळ्या झाल्या.

मेसमध्ये यावर एका सहकाऱ्याने विनोद केला, ‘माणसांच्या जातीही अशाच झाल्या असतील.’ धाकटीने तिथल्या तिथे उत्तर दिले. पक्ष्यांमध्ये खिंड आहे, माणसांमध्ये फक्त लग्नाची बंदी आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले होते, आणि जात म्हणजे वंशभेद नव्हे हे पुढेही ठामपणे मांडले. पक्ष्यांची खिंड निसर्गाने केली, आपली भिंत माणसाने बांधली, म्हणून ती माणसाला पाडता येते. जीवशास्त्र शिकलेली आपली मुलगी अशा टेबलावर असणे का गरजेचे आहे, ते त्या दिवशी कळले. त्याच टेबलावर पहिल्या रात्री आम्हाला ‘घरी काय काय खाता?’ असे विचारले गेले होते. आम्ही बौद्ध आहोत असे सांगितल्यावर थोडी शांतता पसरली आणि विषय दुर्बिणीच्या किमतींवर गेला.

अण्णांना शंभराहून जास्त पक्षी आवाजावरून ओळखता येतात. आम्ही मोजले आहेत. शोधनिबंधात त्यांचे नाव कुठे येते? शेवटी, आभारात, तेही आले तर. मजुरी रोजंदारीवर. ज्ञान त्यांचे, पदवी दुसऱ्याची. आपल्या लोकांच्या बाबतीत झाले ते इथे आदिवासींच्या बाबतीत चालू आहे. आमच्या मुलाखतींच्या भागात अण्णांचे नाव सहलेखक म्हणून घालावे, असे आम्ही लेखी दिले आहे.

मळ्यातला निळा कोट

एका रविवारी आम्ही कुन्नूरच्या बाजूला चहाच्या मळ्यात गेलो. मजुरांच्या चाळीला इथे लाईन म्हणतात. तमिळ आम्हाला येत नाही. एका घराच्या दारातून भिंतीवरचा फोटो दिसला, निळा कोट, लाल टाय. आम्ही हात जोडून ‘जयभीम’ म्हणालो. आतल्या आजींनी आमच्याकडे पाहिले, फोटोकडे पाहिले आणि ‘जयभीम’ म्हणून आम्हाला घरात घेतले. चहा झाला. मोडक्या इंग्रजीत नातवाने सांगितले की हे कुटुंब श्रीलंकेतून आले.

इतिहास असा आहे. इंग्रजांनी तमिळ मुलखातून, त्यातही मोठ्या संख्येने दलितांना, श्रीलंकेच्या मळ्यांवर नेले. स्वातंत्र्यानंतर त्यांचे नागरिकत्वच हिरावले गेले. १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारात ५,२५,००० जणांना भारतात घ्यायचे ठरले. ठरवताना त्यांना कुणी विचारले नाही. त्यांतल्या अनेकांच्या पुनर्वसनासाठी तमिळनाडू सरकारने नीलगिरीत चहाचे मळे उभारले. जंगल तोडायचा निर्णय सरकारचा, नफा कंपन्यांचा, आणि मळ्यातल्या त्या बायका मात्र आज ‘जंगलाला धोका’ म्हणून मोजल्या जातात.

याच नीलगिरीत पंडित अयोथी दास यांचे बालपण आणि तारुण्य गेले. १८७० च्या दशकात त्यांनी इथेच अद्वैतानंद सभा स्थापन केली. १८९८ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांसोबत बसलेले रेट्टमलै श्रीनिवासन हेही काही वर्षे याच डोंगरात हिशेबनीस होते. उटीला फिरायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? बोटॅनिकल गार्डन सगळ्यांना माहीत आहे.

मग करायचे काय?

धम्म आपल्याला प्रतीत्यसमुत्पाद शिकवतो. हे आहे म्हणून ते आहे. ढग, शेवाळ, ओढा, पाखरू आणि मोळीवाली बाई एकमेकांना धरून आहेत. पावसाळ्यात फिरताना कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली येतात म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावास घालून दिला. करुणेत किडामुंगीही आली आणि माणूसही आला. माणसाला हाकलून जंगल वाचवू म्हणणारे आणि विकासासाठी जंगल पुसून टाकू म्हणणारे, दोघेही आपले नाहीत.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, बिनपगारी इंटर्नशिपचा प्रश्न चळवळीने हातात घ्यावा. फेलोशिपसाठी आपली मुले उपोषणाला बसतात, त्या मागण्यांत संशोधन-इंटर्नशिपच्या मानधनाची मागणी जोडा. बाबासाहेबही १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले होते. बुद्धिमत्तेला भाड्याचे पैसे लागतात.

दोन, प्रत्येक जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातला दहावा हिस्सा बाजूला काढावा. त्यातून एक दुर्बीण, एक लॅपटॉप घ्यावा आणि तो अभ्यासिकेत ठेवावा. एकाच्या मालकीचा नको, आळीपाळीने वापरायचा.

तीन, विज्ञान शाखेतल्या मुलांना प्रयोगशाळेबाहेर पाठवा. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याच्या नावाने आपण घोषणा देतो, त्याचे स्वप्नही पुढे चालवले पाहिजे. मोजमापाच्या जागी आपण नसू, तर आपली मोजणी दुसरे करतील आणि कुठल्या रकान्यात टाकायचे तेही तेच ठरवतील.

आमची इंटर्नशिप मार्चअखेर संपते. थोरली वस्तीत परतणार, कामे थांबली आहेत. धाकटीने पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज परवा भरला. विषयाच्या जागी तिने लिहिले आहे, ‘शोला, वॉटल आणि सरपण’. फील्ड-अनुभवाच्या जागी तीन महिने. दुर्बीण ती अभ्यासिकेला परत देणार आहे. पुढच्या वर्षी ज्यांना अर्ज करायचा आहे, त्यांनी आतापासून नाव नोंदवावे.

जयभीम!